आमची वाटचाल: ग्रिलच्या वर्कशॉपमधून कोळंबीच्या रॅककडे

पुण्यात धायरीला आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, अण्णांनी सुरू केलेलं. खिडक्यांचं ग्रिल, सेफ्टी डोअर, लोखंडी जिने, गच्चीवरचे पत्र्याचे शेड यावर आमचं घर वर्षानुवर्षं चाललं. आज त्याच शेडच्या मागच्या खोलीत लाल, निळ्या आणि पिवळ्या शोभेच्या कोळंब्या वाढतात. वर्कशॉपला येणारी बरीचशी कामंही आता त्यांच्या टाक्यांच्या रॅकची असतात. नवा रॅक बांधायला निघालेले लोक फोन करून बारीकसारीक विचारतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये ग्रिलची कामं थांबली. धाकट्या भावाला मत्स्यटाक्यांचा जुना नाद, त्यात त्याच्याकडच्या चेरी या गोड्या पाण्यातल्या छोट्या शोभेच्या कोळंब्यांची पैदास चांगली होत होती. एका रॅकवर बारा टाक्या बसतील का, असं त्याने अण्णांना विचारलं. अण्णांनी उलट विचारलं, "भरल्यावर वजन किती रे होईल?" आमच्या धंद्याचा पाया या प्रश्नात आहे. आजही गिऱ्हाईक आलं की आम्ही रंगाआधी वजनाचं बोलतो.

हिशेब सोपा आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर 56 लिटर पाणी मावतं. थोडी रिकामी ठेवली तरी 50 किलो पाणी, वर 5 मिमी काचेचं नऊ-दहा किलो आणि तळातल्या मातीचं चार-पाच किलो. म्हणजे एक टाकी 65 किलोच्या आसपास, आणि बारा टाक्या पाऊण टनाच्या वर. टाक्यांची एक फुटाची बाजू समोर घेतली की सव्वाचार फुटांत एका ओळीत चार टाक्या बसतात. एकावर एक अशा तीन ओळींचा सगळा भार जेमतेम आठ-नऊ चौरस फुटांवर येतो. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला 200 किलो वापरभार (माणसं, सामान यांचं वजन) धरून काढलेला असतो, आणि आमचा रॅक त्याच्या कितीतरी वर जातो. त्यामुळे आमचा आग्रह तळमजल्याचा. वरच्या मजल्यावर रॅक हवाच असेल तर बीमवर, भिंतीला लागून आणि इंजिनिअरला विचारूनच.

सांगाड्याला आम्ही 40 बाय 40 चा, 2 मिमी जाडीचा बॉक्स पाइप वापरतो आणि मागच्या बाजूला तिरकी पट्टी मारतोच. ती नसली तर रॅक उभा भार नीट पेलतो, पण धक्का लागला की डुलतो आणि काचेच्या सांध्यांवर ताण येतो. दोन ओळींमध्ये किमान दहा इंच जागा सोडतो, नाहीतर जाळी घेऊन हात आत जात नाही. वरच्या ओळीला स्टूल लागतं, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. रेड ऑक्साइड आणि त्यावर इपॉक्सीचे दोन हात दिल्याशिवाय रॅक शेडबाहेर पडत नाही, कारण पावसाळ्यात त्या खोलीत दमट हवा कोंडते आणि वेल्डिंगच्या सांध्यापासून गंज सुरू होतो. जागेवर उभा केल्यावर गवंड्यांचा लेव्हल पाइप लावून चारही पाय एका पातळीत आणतो. मग वॉटरप्रूफ प्लाय, त्यावर थर्माकोल आणि शेवटी टाकी.

इथपर्यंत कोणताही चांगला फॅब्रिकेटर येईल. खरा प्रश्न पाण्याचा. सगळ्या टाक्या पाइपने जोडून खाली एकच मोठा फिल्टर ठेवणं स्वस्त पडतं, दिसायलाही नेटकं. आम्ही तसा रॅक कोळंबीसाठी बांधत नाही. एका टाकीत प्लॅनेरियाचे चपटे किडे शिरले की जोडलेल्या पाण्यातून ते सगळीकडे पोहोचतात. एका टाकीला औषध द्यायचं तर बाराही टाक्यांना द्यावं लागतं. आणि पिल्लं इतकी बारीक असतात की जोडपाइपवरच्या जाळीची एक कड सुटली तर निळ्यांची पिल्लं लालांच्या टाकीत. रंगांची सरमिसळ झाली की पुढच्या पिढ्या मूळच्या तपकिरी रंगाकडे वळतात. क्रिस्टल रेड ही जात जपानमध्ये हिसायासू सुझुकींनी 1990 च्या दशकात मोजक्या लाल कोळंब्या वेगळ्या काढून, पिढ्यान् पिढ्या निवड करत उभी केली. ही निवड वेगळ्या टाकीशिवाय होत नाही.

म्हणून आमच्या रॅकवर हवा सगळ्यांना एकच, पाणी मात्र ज्याचं त्याचं. नवं पाणी वरच्या ड्रममधून येतं आणि ते टाकीत सोडायला आम्ही शेतातल्या ठिबकचे ड्रिपर वापरतो. दाब आपोआप सांभाळणारे महागडे ड्रिपर इथे चालत नाहीत, ड्रमच्या उंचीएवढा दाब त्यांना पुरत नाही. हाताने कमीजास्त करता येणारे साधे घ्यायचे आणि प्रत्येकाखाली मापाचा कप धरून धार जुळवायची. खालच्या ओळीला दाब जास्त मिळतो, तिथला ड्रिपर जास्त आवळावा लागतो. जादा झालेलं पाणी प्रत्येक टाकीच्या काचेतल्या भोकातून, स्टीलच्या बारीक जाळीतून थेट बाहेर जातं. ते दुसऱ्या टाकीत कधीच जात नाही.

ड्रममध्ये आम्ही नळाचं पाणी भरत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो आणि एका टँकरचं पाणी दुसऱ्यासारखं नसतं. विहीर-बोअरचं असेल तर जड, धरणाचं असेल तर हलकं. कोळंबीला पाण्यातला असा चढउतार सोसत नाही, कात टाकताना ती अडकून मरते. म्हणून आरओचं पाणी घेऊन त्यात मोजून क्षार मिसळतो आणि चेरीच्या जातीसाठी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, 150 ते 250 च्या दरम्यान राखतो. आरओतून वाया जाणारं पाणी शेड धुवायला जातं.

हवेसाठी एक लिनिअर पंप आणि पीव्हीसी पाइपचं बंद कडं. कडं बंद असलं की पहिल्या आणि शेवटच्या टाकीला हवा सारखी मिळते. तोट्या सगळ्या प्लॅस्टिकच्या. पितळेत तांबं असतं आणि विरघळलेलं तांबं कोळंबीला विष आहे, त्यामुळे तिच्या पाण्याशी संबंध येईल अशा ठिकाणी पितळ लावूच नये. स्पंज फिल्टर लावतो, त्यात पिल्लं ओढली जात नाहीत, उलट स्पंजवर जमलेल्या थरावर ती चरतात. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर बसवतो, म्हणजे लाइट गेल्यावर पाणी उलटं येत नाही. इन्व्हर्टर हवाच.

पंपाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण ती कुठल्या ड्रॉइंगमध्ये येत नाही. पंप खोलीतली हवा ओढतो आणि तीच बुडबुड्यांतून पाण्यात जाते. पावसाळ्यात डेंग्यूसाठी गल्लीत धुराची फवारणी होते, घरात रात्रभर डासांचं लिक्विड चालू असतं. त्यांतली पायरेथ्रॉइड औषधं डासाला मारतात तशी कोळंबीलाही, आणि तिला अगदी थोडी मात्रा पुरते. कोळंबीच्या खोलीत लिक्विड, कॉइल, स्प्रे काहीही नको. धुराचं मशिन ऐकू आलं की खिडक्या बंद करायच्या आणि धूर विरेपर्यंत पंपही बंद. तेवढा वेळ टाक्यांना काही होत नाही.

एप्रिल-मेमध्ये पुण्याची कोरडी हवा आमच्या कामी येते. टाकीवर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. पण पाणी उडतं तेव्हा क्षार मागेच राहतात, म्हणून उडालेल्या पाण्याची भर निव्वळ आरओच्या पाण्याने करायची. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत हा पंखा फारसा उपयोगी पडत नाही, तिथल्या गिऱ्हाइकांना आम्ही एसीचा खर्च आधीच धरायला सांगतो. क्रिस्टलसारख्या नाजूक जातींना तर पुण्यातही एसी लागतो.

पैदास भावाकडे आणि त्याच्या बायकोकडे. वहिनींची नजर अशी तयार झाली आहे की मादीच्या मानेमागे पाठीवर पिवळसर डाग दिसला की त्या ओळखतात, ही आता कात टाकणार. कात टाकली की नर टाकीभर सैरावैरा पोहत सुटतात. मग वीस-तीस अंडी पोटाखाली धरून मादी पायांनी त्यांना सतत वारा घालत राहते. तीन-चार आठवड्यांनी पिल्लं बाहेर येतात ती आईबापांचंच सुईच्या टोकाएवढं रूप, मधली अळीची अवस्था नाही. त्यांना पहिले दिवस शेवाळ आणि देशी बदामाची वाळलेली पानं पुरतात. बाजारचा पालक आम्ही घालत नाही, त्यावर काय फवारलं असेल सांगता येत नाही. शेवग्याचा पाला दारच्या झाडाचा.

अलीकडे प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून घरच्या घरी शोभेच्या माशांचं युनिट काढू पाहणारेही येतात. तिथे अनुदान सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के आहे. त्यांना आम्ही कोटेशन देतो, पण आधी एकच टाकी घेऊन तीत दोन पिढ्या वाढवा असंही सांगतो. त्यानंतर कुणी रॅक घेतला तर तो रिकामा पडत नाही.

आणि रॅकचं सांडपाणी गटारात किंवा ओढ्यात सोडणार असाल तर आम्ही काम घेत नाही. परदेशातून आलेली ही चेरी जर्मनी-पोलंडमध्ये मोकळ्या पाण्यात तग धरून आहे आणि आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत स्वतःच्या जातीच्या बारीक कोळंब्या आहेत. त्यांच्या घरात ही नको. आमच्या प्रत्येक रॅकचा आउटलेट झाडांच्या वाफ्यात किंवा शोषखड्ड्यात जातो. त्याची जागा आम्ही माप घ्यायला येतो त्याच दिवशी ठरवून टाकतो.