पाणी कुठल्या पानावर?

आज पेपरातून आमदारसाहेबांचा हिवाळी कार्य अहवाल पडला. गुळगुळीत कागद, पानोपानी नारळ फोडतानाचे फोटो. आईनं चष्मा लावून सगळा चाळला आणि विचारलं, "अरे, यात पाणी कुठल्या पानावर आहे?"

नव्हतंच. पेव्हर ब्लॉक होते, हायमास्टचे उंच दिवे होते, सभामंडप तर विचारूच नका. आमदार निधी वर्षाला ५ कोटी, त्यातून एवढं दिसतं तरी, नाही म्हणत नाही.

पण नागपूरच्या अधिवेशनात आमच्या टँकरबद्दल तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा तो) टाकला का, मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, याची एक ओळ नाही. विधानसभेत पाठवतो ते त्यासाठीच ना? (गटारांना नगरसेवक आहेत की!)

तुमच्याकडच्या अहवालात असतं का हो असलं काही?