बी.कॉम.नंतर डॉक्टरकी

डिसेंबरच्या सुट्टीत आतेबहिणीच्या लग्नासाठी पार्ल्यात आले आहे आणि हळदीपासून सत्यनारायणापर्यंत भेटलेल्या प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला आहे: बँकेतली बरी नोकरी सोडून या वयात डॉक्टर होण्याचे खूळ कुठून आले? मोठ्या काकूंनी तर पंगतीतच हिशेब मांडला की, मी प्रॅक्टिस सुरू करेपर्यंत माझा मुलगा कमावता झालेला असेल. त्यांचा हिशेब बरोबर आहे. मला राग आला तो न्यू जर्सीत मी शिकते तिथे वर्गातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांनीही हे कधी विचारले नाही, म्हणून.

अमेरिकेत बहुतेक जण पदवीनंतरच मेडिकलला जातात आणि ती पदवी इतिहासाची असली तरी चालते. मात्र जीवशास्त्र, भौतिकशास्त्र आणि सामान्य आणि सेंद्रिय असे दोन्ही प्रकारचे रसायनशास्त्र प्रयोगशाळेसह शिकलेले असावे लागते, तेही बहुतेक कॉलेजांच्या मते अमेरिकेत किंवा कॅनडात. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या वर्गाला तिथे फारशी किंमत नाही, हे कळले तेव्हा मी चिडले होते. पण कॉमर्सवालीला हे सगळे मुळापासूनच शिकायचे असल्यामुळे माझे प्रत्यक्षात काहीच बुडाले नाही.

त्या प्रयोगशाळेबद्दल मात्र किती लिहू असे होते. वही शाईनेच लिहायची, चुकलेला आकडा खोडायचा नाही, त्यावर एकच रेघ मारून शेजारी सही करायची, आणि बाहेर पडण्यापूर्वी त्या दिवसाच्या पानावर सरांची सही घ्यायची. आम्ही बनवलेल्या अ‍ॅस्पिरिनचा मेल्टिंग पॉइंट पुस्तकातल्यापेक्षा बराच कमी आला, तेव्हा सरांनी तो तसाच लिहायला लावला आणि मार्क दिले ते नमुन्यात कोणती अशुद्धता राहिली असावी याच्या चर्चेला. माझ्या भावाचे बारावीचे जर्नल मी पाहिले आहे. त्यातले एकही रीडिंग कधी पुस्तकाच्या बाहेर गेले नव्हते, कारण ती सगळी आदल्या वर्षीच्या जर्नलमधून आलेली होती.

अर्थात तिथले सगळेच भारी आहे असे नाही. अर्जासाठी डॉक्टरांच्या मागे उभे राहून काम पाहावे लागते, त्याला शॅडोइंग म्हणतात. हात मागे बांधायचे, बोलायचे नाही, फक्त तास मोजायचे. केईएम किंवा सायनच्या वॉर्डात एमबीबीएसची पोरे जेवढे रुग्ण तपासतात, तेवढे तिथल्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला कधी येतील असे मला वाटत नाही. शिवाय असे बिनपगारी तास ज्याला घरभाडे भरायचे नाही त्यालाच परवडतात. त्यावर ५,३०० अक्षरांत, मोकळ्या जागा धरून, मला डॉक्टर का व्हायचे आहे हे सांगायचे. नीट परीक्षेतले ७२० पैकी मार्क निदान असली आत्मचरित्रे मागत नाहीत.

मावसभाऊ मला समजावत होता की, इथेही आता नियम बदलले आहेत. ते खरे आहे. नीटसाठी खुल्या गटाला २५ आणि राखीव गटाला ३० वर्षांची जी कमाल वयोमर्यादा होती, ती २०२२ मध्ये काढून टाकली आणि २०२३ पासून बारावीनंतर जीवशास्त्र वेगळे देऊनही पात्र होता येते. मग मी तिकडे कशाला तडफडते आहे? नीट मला जमलीच नसती असे नाही, पण संसार तिकडे आहे, नवऱ्याची नोकरी तिकडे आहे, आणि तीन तासांच्या एकाच पेपरावर पुढचे सगळे लावायची माझी तयारी नाही. तिथली मेडिकलची प्रवेश परीक्षा, एमकॅट, हीसुद्धा एकच परीक्षा आहे आणि ती साडेसात तास चालते, हे मी त्याला सांगितले नाही.

काकूंना मात्र मी रखमाबाईंचे उदाहरण दिले. गिरगावातली ही बाई नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणून कोर्टात लढली, १८८९ मध्ये लंडनला गेली आणि १८९४ मध्ये, वयाच्या तिशीत, डॉक्टर झाली. काकूंनी जिलेबी माझ्या पानात वाढत शांतपणे विचारले, "तिला घरी परीक्षेच्या आदल्या रात्री डबा मागणारा मुलगा होता का गं?"

मुलाचा डबा सध्या नवरा करतो आणि ते काकूंना सांगितल्यावर पुढचा अर्धा तास त्याच्यावरच चर्चा झाली.