शेल नाही, फक्त फायली: एसएफटीपीपुरतं लॉगिन देताना

दिवाळी अंकाच्या दिवसांत बाहेरचे डीटीपीवाले आमच्या लिनक्स सर्व्हरवर पीडीएफ चढवतात. त्यांना एसएफटीपीचं, म्हणजे एसएसएचच्या सुरक्षित जोडणीवरून फायली नेण्या-आणण्यापुरतं लॉगिन द्यायचं, पण शेल, म्हणजे सर्व्हरवर कमांड चालवायची जागा, द्यायचा नाही, हे काम माझ्याकडे आलं.

आधी रिस्ट्रिक्टेड बॅश, म्हणजे हातपाय बांधलेला शेल, तपासला. त्यात फोल्डर बदलणारी सीडी चालत नाही, कमांड कुठे शोधायच्या ते सांगणारा पाथ बदलता येत नाही, कमांडमध्ये स्लॅश टाकता येत नाही. ऐकायला भक्कम वाटतं. पण चाचणी खात्यात विम हा टेक्स्ट एडिटर ठेवला होता. त्यात 'शेल' हा पर्याय बदलून बिन फोल्डरमधल्या एसएच या साध्या शेलकडे वळवला आणि कोलन-शेल दिलं, की मोकळा शेल समोर! मग ठरवलं, शेल आवळत बसण्यापेक्षा तो द्यायचाच नाही.

म्हणून खात्यांचा शेल नोलॉगिन (शेल नाकारणारा छोटा प्रोग्रॅम) केला आणि ती सगळी एका ग्रुपमध्ये घातली. एसएसएचडी, म्हणजे सर्व्हरवर एसएसएचची कनेक्शन्स घेणारा प्रोग्रॅम, त्याच्या एसएसएचडी-कॉन्फिग या सेटिंग फाइलच्या अगदी शेवटी फक्त त्या ग्रुपला लागू होणारा मॅच ब्लॉक लिहिला. शेवटी अशासाठी, की पुढचा मॅच येईपर्यंत खालची प्रत्येक ओळ त्याच ब्लॉकची धरली जाते. ब्लॉकमध्ये फोर्सकमांडला, म्हणजे लॉगिननंतर सक्तीने चालणाऱ्या कमांडला, इंटर्नल-एसएफटीपी दिलं. ते एसएसएचडीच्याच आत चालतं, म्हणून नोलॉगिन आड येत नाही.

सगळ्यात जास्त लक्ष घालावं लागतं ते क्रूट डिरेक्टरीत, म्हणजे ज्या फोल्डरच्या बाहेर वापरणाऱ्याला जाता येत नाही त्यात. तिची आणि तिच्या वरच्या प्रत्येक फोल्डरची मालकी रूटकडेच, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य प्रशासक खात्याकडेच, हवी. ग्रुपला किंवा इतरांना लिहायची मुभा नको. नाहीतर पासवर्ड स्वीकारला जातो आणि लगेच कनेक्शन तुटतं. वापरणाऱ्याला काहीच उलगडत नाही. लॉगमध्ये मात्र 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ही अट मला योग्यच वाटते. मी प्रत्येकाच्या क्रूटमध्ये 'अपलोड' नावाचं फोल्डर केलं आणि तेवढंच त्याच्या मालकीचं ठेवलं.

एक गोष्ट मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटते. नोलॉगिन असूनही एसएसएचला उणे-एन (कमांड न चालवता नुसतं जोडायचा पर्याय) देऊन पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे त्या जोडणीतून दुसऱ्या सेवेपर्यंत वाट काढणं, करता येतं, कारण तिथे शेल लागतच नाही. आतल्या डेटाबेसपर्यंत बोगदा खणण्याइतकी ही वाट मोठी आहे. त्यामुळे त्याच ब्लॉकमध्ये अलाउ-टीसीपी-फॉरवर्डिंग आणि एक्स-११ फॉरवर्डिंग (ग्राफिक खिडक्या दूरवर दाखवण्याची सोय) दोन्हींना 'नो' दिलं.

रीलोड करण्याआधी एसएसएचडी उणे-टी (सेटिंग फाइलमधल्या चुका तपासणारी कमांड) चालवून फाइल तपासली, चालू सेशन उघडंच ठेवलं. मग दुसऱ्या मशीनवरून साधं एसएसएच केलं. उत्तर आलं, 'धिस सर्व्हिस अलाउज एसएफटीपी कनेक्शन्स ओन्ली'. बोगदा करून पाहिला, तोही नाकारला. पीडीएफ मात्र अपलोडमध्ये बिनबोभाट चढली, तेव्हाच डीटीपीवाल्यांना खाती कळवली.