तुम्ही विचारलंत म्हणून: 'गेट'चा एकच अर्थ मी का सांगत नाही

"मॅडम, गेटचा एकच अर्थ सांगा ना, पाठ करून टाकतो." माझ्या इंग्रजीच्या क्लासमधे दर बॅचला हे असतंच, वर पालक फोन करतात की बाकीच्या क्लासमधे तर यादी देतात. देतात, माहितीय मला. 'गेट, गॉट, गॉट, मिळणे', शाळेत आपण सगळ्यांनीच घोकलंय. आणि ते खोटं नाहीये, १२०० सालाच्या सुमारास जुन्या नॉर्स भाषेतून हे क्रियापद इंग्रजीत आलं तेव्हा मिळवणे असाच अर्थ होता. पण 'इट्स गेटिंग लेट'मधे काय मिळतंय? 'आय गेट टू गो' म्हणजे मला जायला मिळतंय आणि 'आय हॅव गॉट टू गो' म्हणजे जावंच लागतंय, आता करा पाठ.

एक मुलगी होती क्लासला, बीकॉम झालेली, कस्टमर सपोर्टच्या नोकरीसाठी फोनवर इंटरव्ह्यू. पहिल्याच उत्तरानंतर समोरचा म्हणाला, 'सॉरी, आय डिडंट गेट यू.' त्याला एवढंच म्हणायचं होतं की नीट कळलं नाही, परत सांग. हिने 'गेट म्हणजे मिळणे, घेणे' लावलं, आधी सॉरी होतंच, म्हणजे तुला घेतलं नाही. 'थँक यू सर' म्हणून फोन ठेवला. परत रिंग आली तर उचललाच नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली नाही झालं मॅडम, मी विचारलं नक्की काय म्हणाले, तेव्हा हे कळलं. सांगावं की नको असं झालं मला. सांगितलं. "म्हणजे मी परत बोलले असते तर?" एवढंच म्हणाली, आणि पुढच्या आठवड्यापासून यायची बंद झाली.

तुम्ही म्हणाल ती घाबरली होती, एकट्या गेटचा काय दोष. असेलही तसं. आणि नवीन होते तेव्हा मी भांडायचे की अर्थ सांगूच नका, नुसतं कानावर पडू द्या, तेही आता छातीठोकपणे म्हणवत नाही, दिवसभर राबून संध्याकाळी क्लासला येणाऱ्याला धरायला काहीतरी लागतंच. पण हे 'लागणे'च घ्या ना, भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, फोन लागत नाही, घाटात गाडी लागते. अमराठी माणसाने एकच अर्थ मागितला तर कुठला द्याल?

म्हणून मी वाक्यं देते. 'आय डिडंट गेट यू' सगळ्यात वर, आणि त्याच्यापुढे उत्तर काय द्यायचं ते प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणून घेते. याला यादी म्हणायचं असेल तर म्हणा.