२ किलो ८०० ग्रॅम

आज दिवसभर ओसरीत गोधडी. व्हिसा आले, तिकिटं झाली, पुढच्या महिन्यात आम्ही चौघं कॅनडाला. एका बॅगेत २३ किलो, म्हणून कपडे निवडायला बसले. टाकायचा ढीग पाहून माय म्हणाली, "फेकतं कायले व? आन इकडे."

वर तिचं जुनं नागपुरी लुगडं, आत बाबांची दोन धोतरं, पोराचे शाळेचे शर्ट, माझी कॉलेजातली ओढणी. आतलं गोळा होऊ नये म्हणून आधी लांब टाके, मग कडेपासून आत आत धावदोरा. माझा टाका बोटभर, तिचा तांदळाएवढा. शर्टाच्या शिवणीत सुई दोनदा मोडली. अंगुस्तान कुठं सापडतं वेळेवर! शेजारच्या काकू आल्या, "तिकडे तं हीटर असते म्हनतेत," म्हणत स्वतःच एक ओळ घालून गेल्या. तिरपी आली आहे. राहू दिली.

संध्याकाळी काट्यावर ठेवली तर २ किलो ८०० ग्रॅम! आमचे हे बॅगेकडे पाहत गप्प. मी मिक्सर बाहेर काढला. तसाही तो २३० व्होल्टचा, तिकडे १२०.