गोदीच्या गावाला, शेवटचं

कल्याणला सकाळी सात वाजता तपोवन एक्सप्रेसमध्ये चढलो तेव्हा मडकं आत्याच्या मांडीवर होतं. पांढऱ्या फडक्यात बांधलेलं, वर तुळशीची काडी खोचलेली. समोरच्या बाईंनी एकदा पाहिलं आणि काही न विचारता खिडकीची जागा आत्याला दिली.

आजी जानेवारीत गेली, चौऱ्याण्णव पूर्ण करून. दहावं-तेरावं डोंबिवलीत काकांनी केलं. अस्थी मात्र तिला नाशिकलाच हव्या होत्या, आणि "तू आणि माझी नात, दोघींनीच न्या," असं तिने आत्याला दोन वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं. आत्याने ते एकदाच ऐकलं आणि मनात पक्कं धरून ठेवलं.

कसाऱ्याला गाडी थांबली. इथे घाट चढण्यासाठी गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात. सदतीस फुटांमागे एक फूट चढ म्हणजे रेल्वेच्या हिशेबात फारच झाला. आजोबा रेल्वेत होते, त्यामुळे हे सगळं आम्हाला बाळकडूसारखं मिळालेलं. पण लहानपणापासून मनात राहिलंय ते आजीचं. मागून तो हलका धक्का बसला की ती पदर सारखा करून म्हणायची, "लागला माहेरचा हात." परवाही धक्का बसला. आत्याने मडक्यावरचा हात घट्ट केला. आम्ही दोघी बोललो नाही. इगतपुरीला वडे घेतले, पण तसेच राहिले.

नाशिकरोडहून रिक्षाने पंचवटी. नाशिकचं माणूस गोदावरीला गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतं. "गंगेवर जाऊन येते" म्हणजे रामकुंडावर. आजी डोंबिवलीत पाऊणशे वर्षं राहिली, तरी पावसाळ्यात तिचा नाशिकच्या भाच्याला फोन ठरलेला. "मारुतीच्या कुठवर आलंय?" रामकुंडाच्या खालच्या अंगाला तो उंच दुतोंड्या मारुती उभा आहे. पूर किती, हे गावात त्याच्यावरून ठरतं: गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. २०१६ च्या ऑगस्टमध्ये टीव्हीवर पुराची दृश्यं लागली तेव्हा ती उभ्यानेच बघत राहिली होती. बस म्हटलं तरी बसली नाही. नारोशंकराच्या देवळाची घंटाही तिच्या बोलण्यात यायची. वसईच्या विजयानंतर आणलेली ती पोर्तुगीज घंटा. तिथवर पाणी चढलं की गावाने समजायचं, आता काही खरं नाही. १९६९ चा पूर तिने डोळ्यांनी पाहिला होता. माहेरच्या वाड्यात बाळंतपणाला आलेल्या वहिनीला वरच्या माळ्यावर नेलं, तो प्रसंग तिने किती वेळा सांगितला असेल!

रामकुंडावर गर्दी बेताची होती. गुरुजी आमच्या घराण्याचे. त्यांचे वडील, आजोबा, पणजोबा यांनीच आमच्याकडचं सगळं केलेलं. दोन बायकाच आलेल्या बघून त्यांनी फक्त विचारलं, "संकल्प कोण सोडणार?" आत्या म्हणाली, "मी." झालं. पिंड, तीळ, दर्भ, आणि मग कुंडातल्या अस्थिविलय तीर्थात आत्या दोन पायऱ्या उतरली. इथे अस्थी पाण्यात विरून जातात अशी श्रद्धा आहे. मडकं तिरपं केल्यावर आवाज झाला तो फार थोडा, मूठभर खडे पडावेत तसा. चौऱ्याण्णव वर्षांचा एवढाच आवाज. मला तिथे रडू आलं, त्याआधी घरात आलं नव्हतं.

पाण्याबद्दल मात्र मनात कालवाकालव झाली. या कुंडांना जिवंत झरे होते, घाटाच्या कामात तळाला काँक्रीट पडलं, असं आजी तळमळून सांगायची. "गंगेच्या तोंडावर हात ठेवलाय," हे तिचे शब्द.

मग गुरुजींनी वही काढली. तीर्थोपाध्यायांच्या या लांबट, लाल कापडी बांधणीच्या वह्यांत घराण्यांच्या पिढ्यान् पिढ्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की पान निघतं. आमचं पहिलं पान मोडीत. पुढे बाळबोध. पणजोबांची सही, तिच्याखाली आजोबांची. १९५६ च्या सिंहस्थातली नोंद: "कुटुंबासह आले." ते कुटुंब म्हणजे आजी. नाव नाही. १९७९ मध्ये माझे वडील आजोबांच्या अस्थी घेऊन आले, तिथे "सोबत मातोश्री." १९९१ च्या सिंहस्थाला ती स्वतःच आली होती, शेजारणींबरोबर, आणि तिथे तिची सही आहे. चौथीपर्यंतच्या शाळेची, प्रत्येक अक्षर सुटं: सुशीला. पुढे सासरचं आडनाव. मी त्या सहीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

गुरुजी नवी नोंद लिहू लागले. "कैलासवासी सुशीलाबाई…" आत्या म्हणाली, "गुरुजी, थांबा. तिचं नाव गोदावरी."

सुशीला हे लग्नात तांदळात लिहिलेलं नाव. १९४७ साली, सतराव्या वर्षी. त्याआधी ती गोदावरी होती, वाड्यात गोदी. शनी चौकाजवळचा वाडा. रंगपंचमीला तिथली पेशवेकाळची रहाड, म्हणजे रंग खेळायचा जमिनीतला खोल हौद, उघडायची, भाऊ त्या रंगीत पाण्यात धप्पा मारायचे आणि गोदी काठावर उभी राहून भिजायची. जन्म १९३० चा. काळारामाच्या सत्याग्रहाचं वर्ष. २ मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं त्या देवळाशी आली आणि दारं बंद झाली. तिच्या वडिलांच्या ओळखीचे लोक दारं बंद करणाऱ्यांत होते. हे ती लपवत नसे. "आमच्या आळीने तेव्हा चूक केली," असं ती आम्हा नातवंडांना देवळात नेताना पूर्व दरवाजात उभी राहून सांगे, आणि मगच उंबरा ओलांडू देई. एवढ्या साध्या बाईने इतकं सरळ बोलावं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

गुरुजींनी लिहिलं: गोदावरी, माहेरचं आडनाव, मग सासरचं. आत्याने मोठ्याने वाचून घेतलं. खाली आम्ही दोघींनी सह्या केल्या.

कपालेश्वराच्या पायऱ्या चढून नंदी नसलेल्या महादेवाला हात जोडले. शनी चौकात गेलो. वाड्याच्या जागी चार मजली इमारत आहे, रहाड रस्त्याखाली बंद. आत्या तिथे पाच मिनिटं नुसती उभी राहिली.

गाडी संध्याकाळची होती. पूल ओलांडून भांडी बाजारात आलो. आजीच्या रुखवतातली तांब्याची घागर याच बाजारातली, तिच्यावर कोरलेलं नाव घासून घासून गेलेलं. आत्याने एक फुलपात्र घेतलं, साधं, पितळेचं. दुकानदाराने यंत्र चालू करून विचारलं, "नाव काय घालू?"

आत्या म्हणाली, "गोदी."

"पुढे?"

"एवढंच."