पासे सँप्ल, महिना तिसरा: नाकी नऊ

मी फ्रेंच शिकते आहे, आणि सध्या तिथला पासे सँप्ल हा भूतकाळ गिरवते आहे. गेल्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की आठवड्याला चाळीस क्रियापदांचे तक्ते पाठ करणार. नाही झाले. दुसऱ्याच आठवड्यात फ्यू, फ्यूर ('असणे'ची रूपं) आणि फी, फीर ('करणे'ची) यांची खिचडी झाली आणि तक्त्यांची वही माळ्यावर गेली.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. बोलताना फ्रेंच माणूस 'मी काल गेलो' हे पासे काँपोझे या दुसऱ्या भूतकाळात म्हणतो. पासे सँप्ल भेटतो तो पुस्तकात: कथेत, इतिहासात, परीकथेत. क्लासमध्ये आम्हाला 'ओळखता आला की पुरे' असं सांगून पुढे नेलं होतं. शिवाय मी पहिली मोठी कादंबरी वाचली ती काम्यूची 1942 सालची 'लेत्राँजे', आणि ती नेमकी जवळजवळ सगळी पासे काँपोझेत! मग कथाकार मोपासाँ हातात घेतला आणि पहिल्याच पानावर अडखळले.

गाडी रुळावर आली ती आजोबांच्या पोथीमुळे. 'राजा बोलता झाला', 'ऋषी तेथून निघते झाले'. आज असं कुणी बोलत नाही. बोललंच तर थट्टेत. पण वाचताना कुणालाच अडत नाही, उलट गोष्ट सुरू झाली हे कानाला लगेच कळतं. पासे सँप्लचा बाज अगदी हाच आहे. मी आधी 'तो रोज देवळात जाई' यातल्या 'जाई'शी त्याची जोडी लावत होते, कारण तेही पुस्तकी रूप. ती चूक होती. 'जाई' म्हणजे नेहमीचं जाणं, आणि फ्रेंचमध्ये ते काम अँपारफे या आणखी एका भूतकाळाचं, नेहमीच्या किंवा चालू असलेल्या गोष्टींसाठीच्या.

दुसरा गैरसमज असा होता की पासे सँप्ल म्हणजे झटकन घडलेली गोष्ट. चौदावा लुई 1643 ते 1715 गादीवर होता, आणि 'त्याने 72 वर्षं राज्य केलं' याला फ्रेंचमध्ये 'रेन्या' हेच पासे सँप्लचं रूप लागतं. काळ किती लांब हा प्रश्नच नाही. सुरुवात-शेवटासकट गाठोडं बांधून ठेवलं की झालं.

आता सराव कसा करते ते. रोज घरातली एक फालतू घटना या भारदस्त काळात लिहायची, आणि तीही फक्त तृतीय पुरुषात. कथांमध्ये नव्वद टक्के गरज 'तो', 'ती' आणि 'ते' यांचीच, असं माझं तरी मत झालंय. मंगळवारची नोंद: दूध तापत होतं (शोफे, अँपारफे), नवरा पेपर वाचत होता (लीझे, तेही अँपारफे), आणि दूध उतू जाते झाले: देबोर्दा! तो धावता झाला: आकूर्यू. इथपर्यंत बरोबर. पुढे 'त्याने काहीच पाहिलं नव्हतं' सोडून 'त्याने काही पाहिलं नाही' एवढंच लिहायला गेले आणि 'ईल न व्यू रियँ' लिहून बसले. लाल पेन. हवं होतं 'वी'.

ही चूक का झाली ते सांगण्यासारखं आहे, कारण तुम्हीही करणार. मी भूतकालवाचक धातुसाधितावरून अंदाज बांधते, आणि तो पुष्कळदा लागतो: 'वाचलेलं' ल्यू, म्हणून 'त्याने वाचलं' ल्यू, 'प्यायलेलं' ब्यू, म्हणून ब्यू, 'घेतलेलं' प्री, म्हणून प्री. पण 'पाहिलेलं' व्यू असूनही रूप वी होतं. 'परत दिलेलं' रांद्यू, रूप रांदी. 'आलेलं' वन्यू, रूप वँ. या फितुरांची वेगळी यादी फ्रिजवर लावली आहे. यादीत सगळ्यात वर 'जन्मला': नाकी. खरंच, उच्चार 'नाकी'. एकदा त्याला 'नऊ' जोडले आणि आता जन्मात विसरणार नाही.

सोपं वाटणारं घराणं उलट जास्त छळतं. बोलणे, 'पार्ले': मूळ क्रियापद, धातुसाधित, 'तुम्ही बोलता' आणि पासे सँप्लचं 'मी बोलले', चार स्पेलिंगं आणि चौघांचा उच्चार पार्ले. मुंबईकराला तर त्यात स्टेशन आणि बिस्किटही ऐकू येतं. आणि 'ईल दी' (तो म्हणतो), 'ईल फिनी' (तो संपवतो) ही रूपं वर्तमानातही तशीच आणि पासे सँप्लमध्येही तशीच. आजूबाजूची क्रियापदं बघूनच ठरवायचं.

'आम्ही' आणि 'तुम्ही' यांच्या रूपांत (पार्लाम, पार्लात) अक्षरावर येणारी टोपी, म्हणजे ^ ही खूण, मला उगाच नखरा वाटायची. 'तुम्ही'च्या रूपात जुन्या फ्रेंचमध्ये एक 'स' होता, तो गळला आणि त्याच्या जागी ही टोपी बसली. 'आम्ही'च्या रूपात 'स' कधी नव्हताच, तिथली टोपी शेजाऱ्याचं बघून घातलेली! 1990 च्या शुद्धलेखन-सुधारणेत 'इ' आणि 'यू'वरच्या बऱ्याच टोप्या काढल्या, पण या काळाच्या प्रत्ययांवरच्या तशाच ठेवल्या. ही रूपं बोलण्यात वापरली तर फ्रेंच लोक हसतात, तेव्हा मी ती फक्त ओळखण्यापुरती ठेवली आहेत.

हिशोब: मोपासाँच्या एका पानावरची चाळीस क्रियापदं खोडून, मूळ रूप लिहून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी भरते. पहिल्या खेपेला 27 बरोबर, परवा 34. चुकलेल्या सहांपैकी चार 'वँ' घराण्यातली: येणे, धरणे आणि त्यांची पिल्लावळ, म्हणजे परत येणे, होणे, मिळवणे. अनेकवचनी 'वँर' मी अजूनही 'वनीर' लिहिते. परीकथेच्या शेवटचं ते ठरलेलं वाक्य, 'ते सुखात राहिले आणि त्यांना खूप मुलं झाली', त्यातले 'वेक्यूर' आणि 'यूर' मात्र दोन्ही न बघता आले.

पुढचा महिना 'वँ' घराण्याला. दूध आता नवऱ्याच्या जबाबदारीवर.